थांबल्याचे पैसे

नव्या गाडीबद्दल मराठी माणूस जे प्रश्न विचारतो त्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी ‘केवढ्याला पडली?’, मग ‘अॅव्हरेज किती देते?’ आणि पेढा तोंडात टाकून झाल्यावर, ‘जरा थांबायचंत ना, दिवाळीला नवीन मॉडेल येतंय.’ ब्रेक, एअरबॅग, टायर यांची चौकशी सहसा कुणी करत नाही. त्या गोष्टी देवाच्या खात्यावर असतात. हायब्रिड गाडी घेतली की मात्र त्या तिन्ही प्रश्नांच्या आधी चौथाच प्रश्न येतो: ‘चार्ज कुठे करता?’

करत नाही. गाडीला वायर नाही, प्लग नाही, प्लग खुपसायला जागाही नाही. पेट्रोल घालायचं, बॅटरी ती आपली आपण भरते. ‘आपली आपण म्हणजे?’ म्हणजे असं की, एरवी ब्रेक दाबला की गाडीची गती घासून घासून उष्णता होते आणि हवेत जाते. इथे त्या वेळी चाकंच मोटरला फिरवतात, मोटर तेवढ्यापुरती जनित्र होते आणि वीज बॅटरीत जमा होते. इथवर ऐकून समोरचा समजल्यासारखी मान हलवतो आणि निघता निघता विचारतो, ‘पण रात्री तर लावत असाल ना?’

आमच्या सोसायटीत हा प्रश्न थेट हिशेबाच्या वहीपर्यंत गेला. इलेक्ट्रिक गाड्या पार्किंगमधली वीज वापरतात म्हणून त्यांची यादी लिफ्टशेजारी लावलेली आहे आणि त्यांना दरमहा काही रक्कम भरावी लागते. त्या यादीत एक दिवस आमचा फ्लॅट उगवला. सेक्रेटरींना मी खाली नेऊन गाडी चारही बाजूंनी फिरवून दाखवली. त्यांनी मागच्या दारावरचा ‘हायब्रिड’ हा शब्द मला दाखवला. शेवटी नंबरप्लेट कामी आली. पूर्ण विजेवर चालणाऱ्या गाड्यांना 2018 पासून हिरवी प्लेट असते, आमची चारचौघांसारखी पांढरी. सेक्रेटरींनी आमचं नाव खोडलं, पण पेन्सिलीने.

पांढऱ्या प्लेटचं दुःख वेगळंच आहे. अटल सेतूवर 2025 पासून विजेच्या गाड्यांना टोल माफ झाला. तो हिरव्या प्लेटवाल्यांना. उत्तर प्रदेशाने जुलै 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रिड गाड्यांचा नोंदणी कर माफ केला, तो लखनौवाल्यांना. विजेच्या गाडीवर जीएसटी पाच टक्के, आणि आमच्या आकाराच्या हायब्रिडवर सेस धरून 43 टक्के. सप्टेंबर 2025 मध्ये नवे दर आले तेव्हा त्याचे 40 झाले, पण तोवर आमचे 43 भरून झाले होते. थोडक्यात, सरकारच्या लेखी आम्ही पेट्रोलवाले आणि सोसायटीच्या लेखी वीजवाले. दोन्हीकडचं देणं आमच्या नावावर, दोन्हीकडची सवलत शेजाऱ्याच्या.

तरी ही गाडी घरात आली याचं कारण घरातली माणसं. बायकोला पूर्ण विजेची हवी होती. मला डिझेलची, कारण मला दर वर्षी कोकणात जायचं असतं आणि दापोलीच्या वाटेवर चार्जर शोधत फिरण्याची माझी तयारी नव्हती. लेकीला गाडी नकोच होती. तिचं मेट्रोने भागतं. आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाटत होतं की जुनी अजून चांगली दहा वर्षं चालेल. चौघांची चार मतं असतील तर आपल्याकडे जो निर्णय होतो तोच झाला: कुणालाच पूर्ण पटलेली नाही आणि कुणालाच पूर्ण नको नाही, अशी गाडी. साल 2022 हे या बाबतीत शुभ होतं. तोवर स्ट्राँग हायब्रिड म्हणजे कॅमरीसारख्या साहेबांच्या गाड्या. त्या वर्षी आधी होंडा सिटी हायब्रिड आली, सप्टेंबरात मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या जुळ्या बहिणी आल्या, वर्षअखेरीला इनोव्हा हायक्रॉस. पाच माणसांच्या मध्यमवर्गीय घराने ज्या गाडीपुढे उभं राहून ‘हप्ता किती पडेल?’ असं विचारावं, अशी हायब्रिड पहिल्यांदा शोरूममध्ये दिसली. आमची कोणती ते सांगत नाही. सांगितलं की लोक मजकूर सोडून कंपनीवर बोलतात.

अण्णांचं मन वळलं ते मात्र वेगळ्याच कारणाने, आणि तीच या गाडीची खरी कथा आहे.

अण्णा पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. त्यांची पहिली गाडी प्रीमियर पद्मिनी. साताऱ्याहून पुण्याकडे येताना कात्रजचा जुना बोगदा ओलांडला की ते इंजिन बंद करत आणि न्यूट्रलमध्ये गाडी सोडून देत. आम्ही मुलं मागच्या सीटवर श्वास रोखून बसायचो. गाडी बिनआवाजी उतरायची, वळणावर टायर तेवढे कुरकुरायचे, आणि सपाटी लागून गाडी रेंगाळायला लागली की अण्णा दुसरा गियर टाकून क्लच सोडायचे. इंजिन धापा टाकत जागं व्हायचं. ‘पावशेर वाचलं,’ असं ते म्हणत. पावशेर म्हणजे पेट्रोल. सिग्नलला इंजिन बंद करणं तर त्यांच्या दृष्टीने नागरिकशास्त्र होतं. पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही सरकारी संस्था 1978 पासून तोच उपदेश करत आली आहे, आणि तो मनापासून पाळणारा त्या काळातला मला माहीत असलेला एकमेव माणूस आमच्या घरात राहत होता. (उतारावर इंजिन बंद करायचा हा प्रयोग आजच्या गाडीत कुणी करू नये. पद्मिनीला पॉवर स्टेअरिंग नव्हतं, म्हणून ते जाण्याचा प्रश्नच नव्हता. आजच्या साध्या गाडीत इंजिन बंद केलं की स्टेअरिंग दगड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही जड जातो.)

या सवयीपायी अण्णांनी आयुष्यभर टोमणे खाल्ले. आई म्हणायची, ‘बॅटरी, स्टार्टर आणि माझा जीव, तिन्ही झिजवून पावशेर वाचवतात.’ आणि मग टेस्ट ड्राइव्हला शोरूममधल्या मुलाने त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, गाडी लाल दिव्याला उभी राहिली, आणि इंजिन आपोआप बंद झालं. दिवा हिरवा झाला, गाडी विजेवर निघाली, थोडा वेग घेतल्यावर इंजिन कधी सुरू झालं तेही कळलं नाही. उतारावर पुन्हा बंद. अण्णा काही बोलले नाहीत. घरी येऊन आईला म्हणाले, ‘जपानी लोक चाळीस वर्षं उशिरा आले, पण आले.’

एवढ्यावर ते थांबते तर अण्णा कसले. डिसेंबर 1997 मध्ये टोयोटाने जपानात प्रियस विकायला काढली हे त्यांनी शोधलं. त्याच्याही आधी, 1900 साली, फर्डिनांड पोर्श यांनी पेट्रोल इंजिन आणि चाकातल्या मोटरी एकत्र जोडून गाडी बनवली होती, हेही शोधलं. आणि जेम्स अॅटकिन्सन नावाच्या इंग्रज अभियंत्याने 1882 मध्ये एक इंजिन काढलं, त्यावर तर ते फिदाच झाले. त्या इंजिनाची कल्पना अशी की, वायू जेवढा दाबायचा त्यापेक्षा जास्त प्रसरण पावू द्यायचा, म्हणजे त्याच इंधनातून जास्त काम निघतं. तोटा एकच, जोर कमी पडतो. आजच्या हायब्रिडमध्ये हीच युक्ती झडपा उशिरा मिटून साधतात आणि जोराची उणीव विजेची मोटर भरून काढते. ‘म्हणजे इंजिन चिक्कू आणि मोटर दिलदार,’ बायको म्हणाली. ‘संसार असाच चालतो,’ आई म्हणाली आणि अण्णांकडे बघितलं नाही.

कागदावर गाडीचं अॅव्हरेज 27.97. अठ्ठावीस म्हटलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता; 27.97 म्हटलं की ठेवावाच लागतो. अण्णांनी मात्र ठेवला नाही. एका सहकारी बँकेची जुनी डायरी त्यांनी पुढच्या खणात टाकली आहे आणि तिच्यात टाकी ते टाकी असा हिशेब चालतो. पंप तोच, नळी तीच, आणि नोझल पहिल्यांदा ‘टक्’ झालं की बस. पंपावरचा पोरगा आकडा गोल करायला आणखी पिळायला गेला तर अण्णा काच खाली करून ‘राहू दे’ म्हणतात. गाडीचा पडदा 24 दाखवतो तेव्हा डायरीत 22 च्या आसपास निघतात. पडदा थोडा फुशारकी मारतो, हे बहुतेक सगळ्या गाड्यांचं आहे, हायब्रिडचंच असं नाही. पण आश्चर्य पुढेच. सगळा जन्म आपण ऐकत आलो की गाडी गावात अॅव्हरेज देत नाही, हायवेला देते. इथे उलटं आहे. एक्स्प्रेसवेला शंभरच्या वेगाने निघालो की आकडा अठरा-एकोणिसावर येतो, कारण तिथे ब्रेक लागत नाही, म्हणजे वसुली नाही, आणि सगळं ओझं त्या चिक्कू इंजिनावर पडतं. आणि कर्वे रस्ता, नळ स्टॉप, विद्यापीठ चौक, जिथे माणसाची रया जाते, तिथे गाडी खुलते. संध्याकाळी सातच्या पुण्यात समाधानी असणारी ही एकच वस्तू मी पाहिली आहे.

यात एक बारकावा आहे आणि तो लेकीने पकडला. ‘बाबा, थांबण्याचे पैसे मिळतात, थांबून राहण्याचे नाही.’ खरं आहे. गाडी थांबवताना वीज मिळते. पण एकदा उभी राहिली, आणि मे महिना असला, की एसी त्याच बॅटरीवर चालतो आणि थोड्या वेळाने ती भरायला इंजिन सुरू होतं. चांदणी चौकात ठप्प अडकलेल्या हायब्रिडचा मालक इतरांइतकाच दुःखी असतो, फक्त जरा शांततेत.

पण सरकत्या गर्दीत मात्र माझा स्वभाव बदलला, असं घरचे म्हणतात. पूर्वी रिक्षा आडवी घुसली की मी त्या चालकाच्या कुळाचा उद्धार करत असे. आता रिक्षा घुसते, मी हलकेच ब्रेक दाबतो, पडद्यावर चाकाकडून बॅटरीकडे बाण धावतात आणि मागच्या सीटवरून लेक म्हणते, ‘आली वीज.’ पुढचा सिग्नल लाल दिसला की मी लांबूनच पाय उचलतो, म्हणजे वसुली सावकाश आणि पूर्ण होते. करकचून दाबला तर जुने घासणारे ब्रेकच कामाला लागतात आणि पैसे पुन्हा हवेत. माझ्या या सावकाशीने मागचे हॉर्न वाजवतात, वाजवोत बापडे. प्रवास संपून गाडी बंद केली की ती निकालपत्र देते: अमुक टक्के वेळ विजेवर. साठच्या वर असतील तर अण्णा मान डोलावतात. गर्दीतून आलेला माणूस चहा मागायच्या आधी ‘त्रेसष्ट’ म्हणतो, असं घर तुम्ही पाहिलं नसेल. बायको गाडी चालवते तेव्हा आकडा पन्नाशीच्या आत असतो, अॅव्हरेज दोनाने घटतं आणि आम्ही वेळेवर पोहोचतो.

आता डिकीबद्दल, आणि इथे मी हात आखडता घेणार नाही.

बॅटरी कुठेतरी ठेवावी लागते, आणि आमच्या आकाराच्या गाडीत ती मागे, डिकीच्या तळाशी जाते. त्याच गाडीच्या साध्या पेट्रोल आवृत्तीत 373 लिटरची डिकी, हायब्रिडमध्ये 265. हे आकडे माहितीपत्रकात छापलेले असतात. कुणी लपवत नाही. पण लिटर हे दूध-तेलाचं माप, त्यावरून बॅगेचा अंदाज येत नाही. शंभर लिटर म्हणजे नक्की काय गेलं, हे कळायला मे महिन्यात दापोलीहून परत यावं लागतं. जाताना पाच माणसांच्या बॅगा कशाबशा बसतात. परतताना आंब्याच्या पेट्या असतात, फणस असतो, कुणीतरी प्रेमाने दिलेला कोकमाचा कॅन असतो आणि रस्त्यात आत्याला लागलेली झाडूची हौस असते. डिकीचा तळ बॅटरीमुळे उंचावलेला, त्यामुळे पेटी आडवी घातली तर दार लागत नाही आणि उभी घातली तर आंबे नाराज. एक पेटी शेवटी आत्याच्या पायाशी आली. पेटीवर पाय ठेवायचे नाहीत, असा आईचा दंडक. आत्या पुण्यापर्यंत मांडी घालून बसली आणि म्हणाली, ‘एवढी मोठी गाडी, आणि बसायचं पंगतीला बसल्यासारखं.’ सीएनजीवाले हे ऐकून हसतील. त्यांच्या डिकीत सिलिंडर झोपलेला असतो आणि बॅगा मांडीवर. त्यांनी आपला अनुभव आम्हाला आधीच सांगायला हवा होता.

अनेक हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटजवळ एक लहानशी जाळी असते. बॅटरी थंड ठेवायला ती तिथून गाडीतलीच हवा घेते, म्हणून ती झाकायची नाही, असं पुस्तिकेत बजावलेलं असतं. जपानी अभियंत्यांनी धूळ, केस, कापूस या सगळ्याचा विचार केला असणार. पातळ पोह्यांचा चिवडा त्यांच्या डोळ्यांसमोर असेल असं वाटत नाही. आमच्या गाडीत चिवड्याला आता डबा उघडण्यापुरतीही परवानगी नाही, लाडू चालतो.

त्याच दापोलीच्या वाटेवर, जाताना, ताम्हिणीत अण्णांचा सर्वात आनंदाचा क्षण आला. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर. पाच माणसं आणि सामान धरून सोळाशे किलोची गाडी तेवढी खाली उतरते तेव्हा हिशेबाने जवळजवळ अडीच युनिट ऊर्जा मोकळी होते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचंच युनिट. त्यातली काही वाऱ्यात आणि रस्त्याच्या घर्षणात जाते, तरी बरीच उरते. आणि बॅटरी केवढी? 0.76 युनिट. पुरतं एकही नाही! ज्या बॅटरीमुळे डिकी गेली, आत्याची बैठक मोडली, सोसायटीत वाद झाला, तिच्यात दोन किलोवॉटचा गीझर वीस-बावीस मिनिटं चालेल एवढीच वीज मावते. तेव्हा घाट निम्मा उतरायच्या आत बॅटरी काठोकाठ भरली. आणि अचानक इंजिन मोठ्याने घोंघावायला लागलं. मी वेग वाढवला नव्हता, पाय तर ब्रेकवर होता. आत्या ओरडली, ‘अरे, उतारावर पेट्रोल कशाला जाळतोस!’

पेट्रोल जळत नव्हतं. बॅटरीत जागा उरली नाही की येणारी वीज टाकायची कुठे, म्हणून गाडी तीच वीज इंजिन नुसतं फिरवण्यात खर्च करते. पेट्रोलचा थेंब नाही, ठिणगी नाही, नुसती हवा आत घेणं आणि बाहेर टाकणं. ब्रेक तापू नयेत आणि उतारावर गाडी धरून ठेवता यावी, यासाठी ही सोय. मी हे सांगण्यासाठी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात अण्णा मागे वळून म्हणाले, ‘धरण भरलंय. सांडव्यावरून पाणी चाललंय, एवढंच.’ आत्याला लगेच समजलं. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बंद, हे तिला कित्येक वर्षांपासून ठाऊक. पण अण्णांचं पुढचं वाक्य खात्यातल्या माणसाचं होतं. ‘धरणच लहान बांधलंय. पाणलोट एवढा मोठा, आणि साठा पाऊण युनिट?’ मी म्हटलं, धरण मोठं केलं तर डिकी उरणार नाही. अण्णा गप्प झाले. पुनर्वसनाचा प्रश्न त्यांनी आयुष्यभर पाहिलेला आहे.

परतीचा चढ मात्र कुणाला आवडला नाही. बॅटरी अर्ध्या घाटात रिकामी होते, मग सगळा भार तीन सिलिंडरच्या इंजिनावर. आवाज वरच्या पट्टीत जातो आणि वेग तिथेच राहतो. अण्णा ‘गियर बदल’ म्हणतात. बदलायला गियरच नाहीत.

आवाज नसण्याचे प्रश्नही आहेत. गाडी सुरू करायला बटण दाबलं की काहीच होत नाही. पडद्यावर ‘रेडी’ एवढं उमटतं. आई अजूनही दार लावून दोन मिनिटं वाट बघते आणि विचारते, ‘सुरू कधी करणार?’ तोवर आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलेलो असतो. सदाशिव पेठेतल्या गल्लीत माणसं मागे न बघता चालतात, कारण त्यांचे कान बघत असतात. ही गाडी कानांना दिसत नाही. म्हणून हॉर्न वाजवावा, तर पेठेत हॉर्न वाजवणं म्हणजे तोंडाने केलेल्या अपमानापेक्षा वरचं. मी मागे मागे सरकत राहतो. एकदा एक आजोबा अख्खी गल्ली संपेपर्यंत आमच्या पुढे चालले आणि वळणावर मला बघून म्हणाले, ‘पाठलाग करताय का?’

दुसरा प्रकार अण्णांचा. वाण्याकडून आल्यावर ते गाडी बंद न करताच वर आले. आवाज नाही म्हणजे बंदच, असा साधा हिशेब. गाडीने पिपाणी वाजवली असणार, पण त्यांनी कानातलं यंत्र घरी ठेवलं होतं. आत एसी चालू. अर्ध्या तासाने बॅटरी उतरली आणि अंधाऱ्या पार्किंगमध्ये, आत कुणी नसताना, इंजिन सुरू झालं. वॉचमन धावत वर आला. ‘साहेब, तुमची गाडी आपोआप चालू झाली.’ मी खाली गेलो, तोवर ती आपोआप बंदही झाली होती. वॉचमन तेव्हापासून रात्री त्या खांबाकडून फेरी मारत नाही, आणि सेक्रेटरींनी पेन्सिलीने खोडलेलं नाव पुन्हा लिहावं का, असा विचार काही दिवस केला.

आणि एक विनोद खास अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी. पुतणीच्या बाळंतपणाला म्हणून आमच्या शेजारचे दोघे सहा महिने न्यू जर्सीला गेले. त्यांचीही हायब्रिडच, खाली झाकून ठेवलेली. परत आले, बॅगा टाकल्या, किल्लीचं बटण दाबलं, दार उघडेना. मोठी बॅटरी ठणठणीत होती. पण दार, दिवे, संगणक जागे होतात ते साध्या गाडीत असते तशाच 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर, आणि ती संपली होती. ती जागी झाल्याशिवाय मोठीला कुणी विचारत नाही. कार्यालयात शिपाई रजेवर असला की साहेबांची केबिन उघडत नाही, त्यातलाच प्रकार. किल्लीच्या पोटात लपलेली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं, माझ्या गाडीवरून नव्हे तर एका जुन्या मारुती 800 वरून तारा जोडल्या, आणि ती वीस लाखांची गाडी शुद्धीवर आली. तेव्हा परदेशी जाणाऱ्यांनी किल्ली कुणाकडे तरी द्यावी आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी ‘रेडी’वर ठेवायला सांगावं. शेजाऱ्याने तेवढ्यात भाजी आणून घेतली तर बोलू नये.

राहिला पैशाचा हिशेब. तो अण्णांनी एका लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे केला आहे. साधी ऑटोमॅटिक आणि हायब्रिड यांत अडीच लाखांचा फरक धरा. पेट्रोल 104 रुपये. पुण्यात साधी गाडी 13 देते, म्हणजे किलोमीटरला आठ रुपये. हायब्रिड 22, म्हणजे पावणेपाचच्या थोडे आत. किलोमीटरमागे सव्वातीन रुपये वाचले. अडीच लाख वसूल व्हायला सुमारे 76 हजार किलोमीटर. वर्षाला दहा हजार चालवली तर सात वर्षं आठ महिने. आणि बॅटरीची हमी आठ वर्षांची, किंवा 1,60,000 किलोमीटर. म्हणजे निव्वळ फायद्याचे, हमीच्या छत्राखालचे, चार महिने. अण्णांनी त्या चार महिन्यांखाली दोन रेघा ओढल्या आणि पाकीट डायरीत ठेवलं. तोटा नाही, हे सिद्ध झालं होतं. त्यांना तेवढंच हवं होतं.

तुम्ही घेणार असाल तर माझं मत विचारून घ्या, कारण शोरूममध्ये ते मिळणार नाही. रोजचं जाणं-येणं शहरातलं असेल, वर्षाला दहा हजारांच्या बरंच वर चालत असेल आणि पार्किंगमध्ये चार्जर बसवायला सोसायटी नाही म्हणत असेल, तर जरूर घ्या, पस्तावणार नाही. महिन्यातून दोनदा फक्त एक्स्प्रेसवेवर काढणार असाल तर साधी पेट्रोल घ्या आणि वाचलेल्या अडीच लाखांचं पेट्रोल भरा; बरीच वर्षं पुरेल. घरी चार्जर लागत असेल आणि कोकणातले नातेवाईक धीराचे असतील तर सरळ विजेची घ्या. मात्र टेस्ट ड्राइव्हला जाताना घरातली सगळ्यात मोठी बॅग आणि आंब्याची एक रिकामी पेटी बरोबर न्या आणि डिकीत घालून दार लावून बघा. तिथला मुलगा हसेल. हसू द्या, दार लागतंय का तेवढं बघा.